३३ तास आणि कापडी मासे

नोव्हेंबर २०१९च्या पहिल्या आठवड्यात इटलीचे शिक्षणमंत्री लोरेन्झो फियोरामोंती यांनी एक घोषणा केली. पुढच्या सप्टेंबरपासून देशातल्या प्रत्येक सरकारी शाळेत हवामान बदल आणि शाश्वत विकास सक्तीने शिकवला जाईल. वर्षाला ३३ तास, म्हणजे आठवड्याला साधारण एक. असं करणारा जगातला पहिला देश, अशी बातमी सगळीकडे झळकली. फियोरामोंती मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक, दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरिया विद्यापीठात शिकवणारे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुलं हवामानासाठी शाळा सोडून रस्त्यावर उतरली, तेव्हा त्या दिवसाची गैरहजेरी माफ करा, असं त्यांनी शाळांना सांगितलं होतं. घोषणेनंतर आठवडाभरातच, १२ नोव्हेंबरला, व्हेनिसमध्ये भरतीचं पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढलं. १९६६ नंतर एवढं पाणी त्या शहराने पाहिलं नव्हतं. आणि वर्ष संपायच्या आत फियोरामोंती यांनी राजीनामा दिला. शिक्षण आणि संशोधनासाठी ३ अब्ज युरो जास्तीचे मिळाले नाहीत तर मी थांबणार नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. पैसे मिळाले नाहीत, ते थांबले नाहीत.

घोषणेमागचा कायदा मात्र राहिला. २०१९चा ९२ क्रमांकाचा हा कायदा वाचायला घेतला की बातमीतले ३३ तास आक्रसत जातात. तो कायदा नागरिकशास्त्राचा आहे. ३३ तास नागरिकशास्त्राचे, आणि त्यांत तीन वाटेकरी: संविधान, शाश्वत विकास आणि डिजिटल जगातलं नागरिकत्व. शाळेचे एकूण तास वाढवायचे नाहीत, नवे शिक्षक नेमायचे नाहीत, सरकारी तिजोरीवर वेगळा भार टाकायचा नाही, हेही कायद्यातच आहे. म्हणजे इतिहासाच्या, विज्ञानाच्या, भाषेच्या शिक्षकांनी आपल्या वेळातून थोडा थोडा काढून हे ३३ तास भरायचे. पुढे सरकार बदललं आणि २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना नव्याने आल्या. त्यांत मातृभूमी आणि खासगी उद्योजकता यांवर भर आला. कायदा तोच, तासही तेवढेच. मंत्री बदलला आणि तासाचा कल बदलला.

या विषयावरची वेगवेगळ्या देशांची धोरणं शेजारीशेजारी ठेवून वाचताना प्रथम जाणवतं ते त्यांचं सारखेपण. सगळीकडे जागरूक नागरिक आहेत, मूल्यं आहेत, कृतिशीलता आहे. याचं कारण उघड आहे. १९७७ मध्ये तिबिलिसीला भरलेल्या पर्यावरण शिक्षणाच्या पहिल्या आंतरसरकारी परिषदेपासून १९९२च्या हवामान करारातल्या सहाव्या कलमापर्यंत आणि पॅरिस करारातल्या बाराव्या कलमापर्यंत, शिक्षणाचं वचन सगळ्यांनी एकाच मसुद्यावर सह्या करून दिलेलं आहे. पण युनेस्कोने २०२१ मध्ये १०० देशांचे राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडे तपासले, तेव्हा त्यांतल्या ४७ टक्क्यांत हवामान बदलाचा उल्लेखसुद्धा सापडला नाही. शिक्षकांनाही विचारलं. ९५ टक्के म्हणाले, हे शिकवणं महत्त्वाचं आहे. आपल्या भागात याचे काय परिणाम होताहेत हे नीट समजावून सांगता येईल, असं मात्र जेमतेम एक तृतीयांश शिक्षकांना वाटलं.

मला या सगळ्या अहवालात हा शेवटचा आकडा सर्वांत बोलका वाटतो. ध्रुवावरचा बर्फ शिकवता येतो, गावातला ओढा शिकवता येत नाही, ही शिक्षकाची अडचण आहे. एखाद्या देशाचं धोरण खरं आहे की नाही, हे मी यावरूनच जोखतो: ते मुलाला स्वतःच्या हवेपाण्याविषयी प्रश्न विचारू देतं का, आणि त्या प्रश्नाच्या मागे जायला शिक्षकाला वेळ, तयारी आणि मोकळीक देतं का.

ही कसोटी लावली की जपानची एक जुनी गोष्ट आठवते. तेव्हा कुठलंही धोरण नव्हतं. फुजी पर्वताच्या पायथ्याच्या मिशिमा आणि नुमाझू या शहरांच्या परिसरात १९६३च्या अखेरीस मोठं पेट्रोकेमिकल संकुल उभारायचं ठरलं. योक्काइची इथे असंच संकुल झालं होतं आणि तिथली माणसं दम्याने बेजार होती. सरकारने तज्ज्ञांचं पथक नेमलं. त्यांच्या दिमतीला हेलिकॉप्टर होतं, वारा-बोगद्यातले प्रयोग होते. इकडे स्थानिकांनीही आपलं पथक केलं. त्यात मिशिमाच्या राष्ट्रीय अनुवंशशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ होते आणि नुमाझूच्या तांत्रिक माध्यमिक शाळेतले शिक्षक होते. चिमण्यांतून निघालेला धूर कुठे जाईल, हे त्यांना शोधायचं होतं. उपकरणांना पैसा नव्हता. पण मे महिना होता. मे महिन्यात जपानमध्ये मुलांच्या सणासाठी घरोघरी उंच काठीवर कापडी मासे फडकवतात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सांगितलं: आपापल्या भागातला मासा ठरावीक वेळी कुठल्या दिशेला तोंड करून उडतोय आणि किती ताठ उडतोय, ते लिहून आणा.

मुलांनी ते लिहून आणलं. दिवसामागून दिवसांच्या नोंदी नकाशावर मांडल्यावर त्या खोऱ्यातला वारा दिसू लागला: समुद्राकडून कसा येतो, डोंगरापाशी कसा अडतो, कुठे वळतो. त्या वाऱ्यावर धूर वस्तीवरच येईल, असा निष्कर्ष निघाला. सरकारी पथकाचं म्हणणं वेगळं होतं. दोन्ही निष्कर्ष लोकांसमोर आले, गावोगाव अभ्यासवर्ग भरले, लोक योक्काइचीला जाऊन तिथली हवा स्वतः हुंगून आले. सप्टेंबर १९६४ मध्ये नुमाझूत सुमारे २५,००० लोकांचा मेळावा झाला आणि त्या वर्षअखेरीच्या आत कंपन्यांनी प्रकल्प मागे घेतला. पुढे १९७० मध्ये जपानच्या संसदेचं जे अधिवेशन 'प्रदूषण अधिवेशन' म्हणून ओळखलं गेलं, त्यात १४ कायदे झाले. आर्थिक विकासाशी मेळ राखून प्रदूषण आवरायचं, ही मूळ कायद्यातली सवलतही तेव्हाच काढून टाकली गेली. शाळांच्या सामाजिक शास्त्रांत प्रदूषण हा विषय आला तो याच काळात. शिक्षकांनी आधी शिकवलं, सरकारने नंतर मान्य केलं.

त्या परंपरेचा एक धागा अजून जिवंत आहे. कुमामोतो प्रांतातली पाचवीतली मुलं मिनामाता गावी नेली जातात. चिस्सो कंपनीच्या कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे झालेल्या आजाराची अधिकृत नोंद तिथे १ मे १९५६ रोजी झाली. मुलं संग्रहालय पाहतात, आणि त्या आजाराच्या झळा सोसलेल्या माणसांच्या तोंडून त्यांची हकिकत ऐकतात. दहा वर्षांच्या मुलाला यातून कळतं की पाणी आपोआप बिघडत नाही. कुणीतरी बिघडवतं, कुणीतरी ते लपवतं आणि कुणीतरी त्याविरुद्ध उभं राहतं.

पुढचा जपान मात्र मवाळ झाला. २००२ मध्ये जोहान्सबर्गच्या परिषदेत शाश्वत विकासासाठी शिक्षणाचं दशक जपाननेच सुचवलं, संयुक्त राष्ट्रांनी २००५ ते २०१४ ते पाळलं, सांगता नागोयात झाली. २०१७च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या प्रस्तावनेत मुलांना 'शाश्वत समाजाचे निर्माते' म्हटलं आहे. हे शब्द भारदस्त आहेत, पण माशाच्या दिशेची नोंद ठेवणाऱ्या मुलाच्या वहीत जी धार होती ती मला त्यांत सापडत नाही. धोरण रुंद होत गेलं की त्यातून कारखान्याचं नाव गळतं, असं मी अनेक देशांच्या कागदांत पाहिलं आहे.

फिनलंडचं कौतुक ऐकून आपले कान किटले आहेत, तरी या बाबतीत त्याच्याकडे पाहावंच लागतं. २०१४ मध्ये ठरलेला आणि ऑगस्ट २०१६ पासून लागू झालेला तिथला मूळ अभ्यासक्रम सात व्यापक क्षमता सांगतो. सातवी आहे सहभाग, आणि शाश्वत भविष्य घडवणं. पहिली ते सहावीपर्यंत जीवशास्त्र, भूगोल, भौतिक, रसायन आणि आरोग्य मिळून एकच विषय आहे, आपल्या परिसर अभ्यासासारखा. त्याखेरीज वर्षातून निदान एकदा सगळे विषय एकत्र आणून एका प्रश्नावर काम करणं प्रत्येक शाळेला बंधनकारक आहे. प्रश्न कोणता, हे शाळा ठरवते. राष्ट्रीय आराखड्याच्या चौकटीत प्रत्येक नगरपालिका स्वतःचा अभ्यासक्रम लिहिते. शाळा तपासायला निरीक्षक येत नाही, उच्च माध्यमिकच्या अखेरीपर्यंत देशपातळीवरची परीक्षा नाही. आणि प्राथमिक शिक्षकालासुद्धा १९७०च्या दशकापासून पदव्युत्तर पदवी लागते. या शेवटच्या वाक्यावर बाकी सगळी इमारत उभी आहे. फिनलंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख, आपल्या नाशिक जिल्ह्यापेक्षाही कमी, त्यामुळे नक्कल करण्याची भाषा मी करणार नाही. पण शिक्षकावर विश्वास टाकायचा असेल तर आधी त्याच्या तयारीवर खर्च करावा लागतो, हा हिशेब कुठल्याही आकाराच्या देशाला लागू आहे.

इंग्लंडचं उदाहरण थोडक्यात सांगतो, कारण ते पुढे भारताशी ताडून पाहायचं आहे. २०१३ मध्ये शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांच्या काळात अभ्यासक्रमाचा मसुदा आला आणि १४ वर्षांखालच्या मुलांच्या भूगोलातून हवामान बदलाचा थेट उल्लेख गायब झाला. शास्त्रज्ञ, भूगोलाचे शिक्षक आणि शाळकरी मुलं यांनी आवाज उठवला, हजारोंनी निवेदनावर सह्या केल्या, मंत्रिमंडळातल्या ऊर्जामंत्र्यांनीही विरोध केला. अंतिम अभ्यासक्रमात तो उल्लेख परत आला. २०२२च्या एप्रिलमध्ये तिथल्या शिक्षण विभागाने शाश्वतता आणि हवामान बदलाची रणनीती काढली; प्रत्येक शाळेने या कामासाठी एक जबाबदार व्यक्ती नेमावी आणि कृती आराखडा करावा, असं त्यात आहे. न्यूझीलंडने २०२० मध्ये ११ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी साहित्य दिलं. ते ऐच्छिक आहे, पण त्यात एक गोष्ट आहे जी इतरांना उशिरा सुचली: हे सगळं ऐकून मुलाला भीती वाटेल, राग येईल, त्या भावनांचं काय करायचं, यासाठी शिक्षकाला मदत. बारा वर्षांच्या मुलासमोर हा विषय मांडणाऱ्या कुणालाही याची गरज कळेल.

फिलिपिन्सने कायद्याचा रस्ता धरला. २००८ मध्ये पर्यावरण जागृती आणि शिक्षणाचा कायदा झाला. सप्टेंबर २००९ मध्ये वादळाने मनिला बुडवलं आणि पुढच्याच महिन्यात हवामान बदलाच्या कायद्यावर सही झाली. अभ्यासक्रमात, पाठ्यपुस्तकांत हा विषय आणण्याची जबाबदारी त्यात शिक्षण विभागावर टाकली आहे. चार वर्षांनी, ८ नोव्हेंबर २०१३ रोजी, हैयान वादळ ताक्लोबान शहरावर आदळलं. देशभरात सहा हजारांहून अधिक माणसं गेली. वादळाचा इशारा दिला गेला होता. पण वाऱ्याबरोबर समुद्र भिंतीसारखा चढून येईल, हे अनेकांच्या कल्पनेतच नव्हतं, आणि जी माणसं घर सोडून सभागृहात आसऱ्याला आली त्यांतलीही काही तिथेच बुडाली. कायदा पुस्तकापर्यंत आणि पुस्तक किनाऱ्यापर्यंत पोहोचायला जो वेळ लागतो, तो या चार वर्षांत अपुरा पडला. नंतर उच्च माध्यमिक स्तर सुरू झाला तेव्हा आपत्तीची पूर्वतयारी हा स्वतंत्र विषय त्यात आला. आपल्या कोकणच्या शाळांनी निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी पाहिलं, तौक्ते पुढच्या वर्षी मे महिन्यात. वादळात शाळांचीच छपरं उडाली त्या गावांतल्या मुलांसाठी फिलिपिन्सचा तो विषय जवळचा आहे.

आता आपल्याकडे येऊ. कायद्याच्या जोरावर पाहिलं तर भारतासारखा भक्कम पाया फार थोड्या देशांकडे आहे. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचं रक्षण हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य झालं. वकील एम. सी. मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २२ नोव्हेंबर १९९१ रोजी न्यायालयाने आदेश दिला: शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा सक्तीचा विषय करा, चित्रपटगृहांत पर्यावरणाच्या पाट्या दाखवा, आकाशवाणी-दूरदर्शनवर रोज पाच-सात मिनिटं द्या. न्यायालयाच्या हुकमाने पर्यावरण शिक्षण सक्तीचं होणं, तेही हवामान कराराच्या आधी, ही जगात विरळा गोष्ट होती. तरी बारा वर्षं उलटली आणि डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा राज्यांना विचारावं लागलं की काय केलंत.

त्यातून पदवीच्या सगळ्या शाखांना सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आला. विद्यापीठ अनुदान आयोगासाठी त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं पुण्याच्या डॉ. एरक भरूचा यांनी, जे शल्यचिकित्सक आहेत आणि आयुष्यभर जंगलं हिंडलेले निसर्गअभ्यासक. अभ्यासक्रमात ५० व्याख्यानं होती आणि त्यांतली पाच क्षेत्रभेटींसाठी राखलेली: नदीवर जा, टेकडीवर जा, प्रदूषित जागा पाहा. हेतू स्वच्छ होता. महाविद्यालयांत पोहोचेपर्यंत त्या क्षेत्रभेटींचं काय झालं, हे गेल्या वीस वर्षांत पदवी घेतलेल्या बहुतेक मराठी वाचकांना ठाऊक आहे. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळू लागले. नदीचा प्रकल्प नदीवर न जाता पुरा होऊ लागला.

बारावीतही तसंच. कित्येक वर्षं ६५० गुणांत ५० गुण पर्यावरणाचे असायचे. ते भरभरून मिळत आणि टक्केवारीला हात देत. मग गुण गेले, श्रेणी आली, विषयाचं नाव 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' झालं. नावात पाणी आलं हे मला मनापासून आवडलं, महाराष्ट्राला त्याची गरज आहे. पण बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत हा तास ज्याचा कार्यभार कमी भरतो त्याच्या वाट्याला येतो. मग तो मराठीचा असो, वाणिज्याचा असो. त्याला कुणी तयार केलेलं नसतं. मुलांचं लक्ष सीईटी आणि नीटकडे असतं. वर्षाच्या शेवटी वह्या गोळा होतात, मुखपृष्ठावर झाड असतं. यात मी शिक्षकाला किंवा मुलाला दोष देत नाही. इटलीच्या कायद्यात जे लिहून ठेवलं आहे, ते इथे न लिहिता घडलं: विषय सक्तीचा, माणूस आणि पैसा मात्र नाही.

इंग्लंडमध्ये २०१३ला जे मसुद्यात होऊन मागे घेतलं गेलं, ते आपल्याकडे २०२२ मध्ये प्रत्यक्ष झालं. कोविडनंतर मुलांवरचा भार हलका करायचा म्हणून एनसीईआरटीने पुस्तकं छाटली. दहावीच्या विज्ञानातलं नैसर्गिक संसाधनांच्या शाश्वत व्यवस्थापनाचं प्रकरण गेलं, बारावीच्या जीवशास्त्रातलं पर्यावरणीय समस्यांचं प्रकरण गेलं. शिक्षकांच्या आणि वैज्ञानिकांच्या गटांनी हरकत घेतली, पण वगळलेलं परत आलं नाही. न्यायालयाचा आदेश कागदावर कायम असताना असं होऊ शकतं, कारण आदेशात 'पर्यावरण शिकवा' एवढंच आहे. किती, कुठलं, कुणी, हे दर वेळी नव्याने ठरतं.

आणि तरीही परिसरातून शिकवण्याची जी वाट जपानने आणि फिनलंडने धरली, ती आपल्याला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर काम केलं तेव्हा गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती. म्हणून शाळा कुरणात गेली. त्या कुरणशाळेत पानं, बिया, दगड, शिंपले हेच शैक्षणिक साहित्य होतं. आपल्या पाठ्यपुस्तक मंडळानेही एक मोलाची गोष्ट केली आहे: तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्हानिहाय काढलं. मुलाला आपल्या जिल्ह्यातल्या नद्या, डोंगर, पिकं आधी भेटतात. मला ही कल्पना फार मोठी वाटते. दुर्दैवाने चौथीपासून जिल्हा मागे पडतो आणि जसजसं मूल प्रश्न विचारण्याच्या वयाला येतं, तसतसा परिसर पुस्तकातून बाहेर जातो.

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला पोहोचली. तेव्हा तिसरीत असलेलं लातूरचं मूल २०२५ मध्ये बारावी झालं. घागरींच्या रांगा त्याने पाहिल्या आहेत. मांजरा धरण का आटलं, पाऊस किती कमी पडला, उसाने किती पाणी प्यायलं, बोअर किती खोल गेले, हे प्रश्न त्याच्या वयाला आणि त्याच्या गावाला नेमके होते. चिपळूणच्या मुलांसमोर २२ जुलै २०२१च्या पुराचे प्रश्न तसेच आहेत: वाशिष्ठीतला गाळ, भरतीची वेळ, धरणाचा विसर्ग, त्या रात्रीचा पाऊस. अशा प्रश्नांची उत्तरं एका विषयात मावत नाहीत आणि कधी ती कुणा वजनदार माणसाला अडचणीची ठरतात. म्हणून शिक्षकाला नुसती परवानगी पुरत नाही, पाठीशी उभं राहणारं खातं लागतं. नुमाझूच्या शिक्षकांमागे गाव होतं.

राज्यात २०२५-२६ पासून पहिलीपासून नवा अभ्यासक्रम लागू होऊ लागला आहे, पुढच्या इयत्तांची पुस्तकं त्यामागून यायची आहेत. जिल्हानिहाय पुस्तकाची कल्पना आठवीपर्यंत नेता येईल का, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या, म्हणजे डाएटच्या, प्रशिक्षणात हवामानाची आकडेवारी वाचायला शिकवता येईल का, आणि बारावीचा तो तास तयार माणसाच्या हाती देता येईल का, हे आत्ताच विचारायला हवं. पुस्तकं छापून झाली की पुढची दहा वर्षं कुणी विचारणार नाही.

मोजमापाला तर आपल्याकडे कापडी माशांचीही गरज नाही. महावेध प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी आहेत. मंडळनिहाय रोजचा पाऊस कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. आंबा, काजू, डाळिंब, संत्रा यांच्या हवामानाधारित विम्याची भरपाई अशाच केंद्रांच्या नोंदींवरून ठरते: सलग किती दिवस पारा किती वर राहिला, अवेळी पाऊस किती झाला. देवगडच्या किंवा सांगोल्याच्या नववीतल्या मुलीला हे सगळं गणित घरच्या बागेवरून मांडता येईल. केंद्राचा आकडा आणि बागेतला अनुभव जुळत नसेल, तर केंद्र बागेपासून किती लांब आहे, मधे डोंगर आहे का, वारा कुठून येतो, हे तिने मोजावं, आणि आलेलं उत्तर घेऊन ग्रामसभेत उभं राहावं.